वायोमिंग-मोंटाना रोड ट्रिप: मला रणांगणं बघायचीत, नवऱ्याला चित्रं. मेळ कसा घालू?

माळरान

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. सप्टेंबरमध्ये मी आणि नवरा दोघंच अमेरिकन वेस्टची रोड ट्रिप करायचं म्हणतोय, दहाएक दिवस हातात आहेत. डेन्व्हरला उतरायचं आणि तिथून गाडी भाड्याने घ्यायची इथपर्यंत एकमत आहे, पुढे सगळा आनंद.

मला इतिहास लागतो. फोर्ट लॅरामी, लिटल बिगहॉर्न (अमेरिकन आर्मीचा कस्टर आणि त्याचे सैनिक मूळच्या लाकोटा आणि शायान जमातींशी लढताना मारले गेले ते रणांगण), ऑरेगन ट्रेलवरून पश्चिमेला वस्तीला गेलेल्या लोकांच्या वॅगन्सच्या चाकोऱ्या अजून दगडात दिसतात त्या जागा, असलं सगळं. नवरा वीकेंडला वॉटरकलर करतो, त्याला रेमिंग्टन, चार्ली रसेल, थॉमस मोरान ही वेस्टची चित्रं काढणारी मंडळी समोर उभं राहून बघायचीत. त्याच्या मते रणांगण म्हणजे नुसतं गवत आणि पाट्या, त्यासाठी तीनशे मैल कोण जातं. माझं म्हणणं एवढं लांब जाऊन दिवसभर एसीत भिंतींकडे काय बघायचं, बाहेर तोच डोंगर खराखुरा उभा असताना. हे भांडण गेले काही आठवडे रोज जेवताना चालू आहे.

दोघांच्या लिस्टा जोडल्या तर असं झालं: डेन्व्हर, फोर्ट लॅरामी, माउंट रशमोर, डेव्हिल्स टॉवर, लिटल बिगहॉर्न, कोडी, यलोस्टोन, जॅक्सन, ग्रेट फॉल्स आणि परत डेन्व्हर. मॅपवर टाकलं आणि दोघंही गप्प बसलो. यातलं काय उडवायचं? कोडीच्या म्युझियमला खरंच दोन दिवस लागतात का? आणि ग्रेट फॉल्स एवढं वर, फक्त एका चित्रकाराच्या, रसेलच्या, म्युझियमसाठी जाण्यात अर्थ आहे का? नॅशनल पार्कचा वर्षाचा पास घ्यावा का तेही सांगा. ड्रायव्हिंग दोघंही करतो, पण दिवसाला पाच तासांच्या वर नको.

डेन्व्हरकाका

ताई, सगळ्यात आधी रशमोर आणि डेव्हिल्स टॉवर कापा. दोन्ही छान आहेत, वाद नाही, पण ती ब्लॅक हिल्सची वेगळी ट्रिप आहे, बॅडलँड्ससकट कधीतरी करा. जॅक्सनही कापा. तिथलं वाइल्डलाइफ आर्टचं म्युझियम सुरेख आहे, एल्क रेफ्यूजच्या समोर टेकडीवर आहे आणि कार्ल रुंगियसची चित्रं तिथे जेवढी आहेत तेवढी क्वचित कुठे मिळतील, पण एका म्युझियमसाठी टेटनच्या गर्दीत शिरायचं आणि हॉटेलचे ते रेट द्यायचे, त्यापेक्षा कोडीला एक रात्र वाढवा.

मग उरतं ते असं. डेन्व्हरमध्येच सुरुवात चित्रांनी करा, म्हणजे साहेब खूश. डेन्व्हर आर्ट म्युझियमच्या मार्टिन बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर वेस्टर्न अमेरिकन आर्ट आहे, अर्धा दिवस पुरे. ब्राउन पॅलेस हॉटेलच्या समोर आन्शुट्झ कलेक्शनचंही एक म्युझियम आहे, चित्रं एकावर एक खच्चून लावलेली, पण ते रोज उघडं नसतं तेव्हा वार बघून जा.

दुसऱ्या दिवशी फोर्ट लॅरामी, सव्वातीन-साडेतीन तास. इथे एक सांगतो, जीपीएसमध्ये नुसतं लॅरामी टाकू नका. लॅरामी हे युनिव्हर्सिटीचं गाव वेगळं आणि फोर्ट लॅरामी वेगळं, मध्ये दोन तासांचं अंतर आहे, लोक भलतीकडे पोचतात. फोर्टला तिकीट नाही. आर्मीने 1849 मध्ये तो 4,000 डॉलरला विकत घेतला आणि 1890 पर्यंत वापरला, आज ज्या इमारती दिसतात त्या सगळ्या त्या काळातल्या. ओल्ड बेडलॅम म्हणून पांढरी दुमजली इमारत आहे ती 1849 ची, वायोमिंगमधली सगळ्यात जुनी नोंद असलेली. मूळच्या जमातींबरोबरचे 1851 आणि 1868 चे करार याच फोर्टच्या नावाने ओळखले जातात. तिथून गर्न्सी पंधरा-वीस मिनिटांवर, तुम्ही म्हणताय त्या चाकोऱ्या तिथे आहेत. वाळूच्या दगडात वॅगन्सनी काही ठिकाणी 5 फूट खोल खाच पाडलीये, आत उतरून चालता येतं. जवळच रजिस्टर क्लिफ, तिथे ट्रेलवरच्या लोकांनी नावं कोरलीत. दोन्ही फुकट आणि दोन्हीकडे सावली नाही.

मग शेरिडनला मुक्काम, गर्न्सीहून चार तास. वाटेत फोर्ट फिल कर्नी घ्या, हायवेला लागूनच आहे. 21 डिसेंबर 1866 ला कॅप्टन फेटरमनसकट आर्मीची 81 माणसं तिथे एका दुपारी मारली गेली, टेकडीच्या पलीकडे पाठलाग करत गेले आणि परत आले नाहीत. लोक हे सोडून थेट लिटल बिगहॉर्नला पळतात, पण हे नाही कळलं तर दहा वर्षांनी कस्टरचं काय झालं ते नीट कळत नाही. शेरिडनहून लिटल बिगहॉर्न तासाभरावर.

पासचा हिशोब: अमेरिकेत राहणाऱ्यांना वर्षाचा पास 80 डॉलर. यलोस्टोन एका गाडीला 35, लिटल बिगहॉर्न 25, म्हणजे 60 झाले. या ट्रिपपुरता पास वसूल होत नाही, वर्षभरात अजून कुठे जाणार असाल तरच घ्या. कोडीच्या म्युझियमला तो चालत नाही, ते सरकारी नाही.

ग्रेट फॉल्स माझ्या मते राहू द्या. कोडीहून सव्वातीनशे मैल, परत डेन्व्हरला यायचं तर अजून साडेसातशेच्या वर. नाही जमायचं.

कुंचला

काकांचं रूटिंग एकदम बरोबर, ग्रेट फॉल्सबद्दल मात्र मी भांडणार. त्याच्यावर नंतर येते.

माळरान, तुमच्या घरातलं भांडण मुळात चुकीच्या जागी चाललंय असं मला वाटतं. एक दिवस तुझा एक दिवस माझा असं वाटून घेतलंत तर दोघंही अर्धा वेळ कंटाळून उभे राहाल. त्याऐवजी जागा आणि चित्र यांची जोडी लावा. बघा हं.

फोर्ट लॅरामीचा मूळचा लाकडी फोर्ट, म्हणजे आर्मीच्या आधीचा फर ट्रेडवाल्यांचा, त्याचा आज एक ओंडकाही नाही. तो कसा दिसायचा हे आपल्याला कळतं ते आल्फ्रेड जेकब मिलर या चित्रकारामुळे. 1837 मध्ये विल्यम ड्रमंड स्ट्युअर्ट नावाच्या स्कॉटिश सरदाराने त्याला बरोबर नेलं होतं, आणि त्याने केलेली चित्रं हाच त्या फोर्टचा प्रत्यक्ष बघून काढलेला एकमेव पुरावा. ती चित्रं फोनमध्ये आधी भरून ठेवा (बाल्टिमोरच्या वॉल्टर्स म्युझियमच्या साइटवर मिळतात) आणि नदीकाठी उभं राहून नवऱ्याला दाखवा. गवत आणि पाट्या म्हणणारा माणूस पेन्सिल काढतो की नाही बघा.

दुसरी जोडी लिटल बिगहॉर्न आणि कोडी, आणि ही या ट्रिपची खरी मजा आहे. लढाई 25 आणि 26 जून 1876 ची. तिथे गेल्यावर दिसतं काय तर उघडी बोडकी टेकडी, वारा, आणि गवतात विखुरलेले पांढरे संगमरवरी दगड. प्रत्येक दगड म्हणजे सैनिक जिथे पडला असं मानतात ती जागा. लास्ट स्टँड हिलवर कुंपणाच्या आत दाटीने उभे आहेत, कस्टरच्या नावाच्या दगडावर तेवढा काळा भाग आहे त्यामुळे लगेच ओळखू येतो. पण जरा बाजूला बघा, खाली ओढ्याकडे एक, पार उतारावर दोन, मग कितीतरी अंतर काहीच नाही आणि परत एक. तुम्हाला इतिहासाची आवड आहे म्हणून सांगते, त्या विखुरण्यावरून पळापळ कशी झाली असेल ते डोळ्यांना कळतं, पुस्तकात कितीही वाचलं तरी तसं कळत नाही. 1999 पासून लाकोटा आणि शायान योद्ध्यांसाठी लाल ग्रॅनाइटचे दगडही लावायला लागलेत, ते संख्येने कमी आहेत, शोधून बघा.

आणि मग कोडीला व्हिटनी म्युझियममध्ये एडगर पॅक्सनचं चित्र बघा, कस्टर्स लास्ट स्टँड, 1899. पॅक्सन मोंटानातच राहणारा, प्रत्यक्ष लढलेल्यांकडून माहिती गोळा करत वर्षानुवर्षं हे एकच चित्र करत होता. सहा फूट बाय नऊ फुटांच्या आसपास आहे आणि त्यात दोनशेच्या आसपास माणसं कोंबलीत, घोडे, धूर, कुऱ्हाडी, बूट, मोकळी जागा म्हणून कुठे शिल्लक नाही. आदल्या दिवशी तुम्ही जी रिकामी टेकडी बघितलीत तीच ही, यावर विश्वास बसत नाही. क्रम मात्र हाच ठेवा, आधी टेकडी मग चित्र. उलटं केलंत तर टेकडीवर तुम्हाला चित्रच दिसत राहील आणि ते वाईट.

अजून एक. लिटल बिगहॉर्नला इंडियन मेमोरियल आहे, 2003 मध्ये झालं, गोल मातीचा बांध आणि एका बाजूला घोडेस्वारांचं शिल्प, धातूच्या नुसत्या बाह्यरेषा. मधून आरपार आकाश दिसतं, ढग बदलले की शिल्प बदलतं. कोलीन कटशॉल या लाकोटा कलाकार बाईंचं काम. नवऱ्याला म्युझियम हवं ना, हे घ्या उघड्यावरचं.

तिरकस

कुंचलाताई, छान लिहिलंय, पण मला एक सांगा, हे वेस्टर्न आर्ट म्हणजे शेवटी घोडा, हॅट आणि सूर्यास्तच ना? मी मागे ओक्लाहोमा सिटीच्या काउबॉय म्युझियमला गेलो होतो, तो एन्ड ऑफ द ट्रेलचा पुतळा सोडला (तो मात्र जबरदस्त, 18 फुटी, घोड्यासकट माणूस पार वाकलेला, पाय आपोआप थांबतात) तर तासाभराने सगळी चित्रं एकसारखी दिसायला लागली. आणि खरं किती असतं त्यात? कस्टरच्या बऱ्याच चित्रांत तो लांब केस उडवत तलवार घेऊन उभा असतो. केस त्याने मोहिमेआधी कापलेले होते आणि तलवारी रेजिमेंटने बरोबर आणल्याच नव्हत्या. 1896 मध्ये एका बीअर कंपनीने, आन्हायझर बुशने, असलंच एक चित्र छापून देशभरच्या दारूच्या गुत्त्यांमध्ये वाटलं, आणि कित्येक पिढ्यांनी लढाई म्हणून तेच डोक्यात ठेवलं. ताई इतिहासाच्या शौकीन आहेत, त्यांनी दोन दिवस हे बघण्यात का घालवायचे? लॅरामी, गर्न्सी, फिल कर्नी, लिटल बिगहॉर्न नीट करा, कोडी अर्ध्या दिवसात उरका आणि यलोस्टोनला पळा.

कुंचला

तिरकस, तुमचंच उदाहरण तुमच्या विरुद्ध जातंय की हो. दारूच्या गुत्त्यातल्या चित्राने देशाला लढाई शिकवली हाही इतिहासच आहे ना? कदाचित लढाईपेक्षा जास्त परिणाम त्याचा झाला. इतिहासवाल्या माणसाने तर हे मुद्दाम बघावं.

शिवाय सगळे एका माळेचे मणी नाहीत. रेमिंग्टन घ्या, न्यूयॉर्कचा माणूस. कॅन्ससमध्ये थोडा काळ मेंढ्या पाळून बघितल्या, नाही जमलं, मग बहुतेक वेस्ट न्यूयॉर्कजवळच्या स्टुडिओत बसून रंगवलं. तो स्टुडिओ कोडीला पुन्हा उभा केलाय, त्याने जमवलेल्या खोगिरी आणि कपडे सगळं आत लटकलेलं. म्हणजे वेस्ट कसा मॉडेल म्हणून आणून ठेवायचा ते डोळ्यासमोर दिसतं. आणि त्याचे छोटे छोटे ऑइल स्केचेस बघा, जिथे त्याला कोणाला विकायचं नव्हतं तिथे हात किती मोकळा आहे.

याच्या उलट रसेल. 1880 मध्ये सोळाव्या वर्षी सेंट लुईसहून मोंटानाला आला आणि पुढची अकराएक वर्षं गुराखी म्हणून, जास्तकरून रात्रीच्या पाळीला, खरोखर राबला. 1886-87 च्या हिवाळ्यात थंडीने गुरं पटापट मेली, मालकाने पत्र पाठवून विचारलं कळपाची काय परिस्थिती. उत्तरात लांबलचक पत्र लिहिण्याऐवजी रसेलने पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एकच हाडं निघालेली गाय काढली, बर्फात उभी, आजूबाजूला लांडगे टपलेले. वेटिंग फॉर अ चिनूक. चिनूक म्हणजे तो गरम वारा, जो आला की बर्फ वितळतं. त्या एका कागदाने त्याचं नाव झालं. यात सूर्यास्त कुठाय सांगा?

आणि दुसऱ्या बाजूची चित्रं विसरू नका. रेड हॉर्स हा मिनिकोंजू लाकोटा स्वतः लिटल बिगहॉर्नला लढलेला, त्याने 1881 मध्ये एका आर्मी डॉक्टरच्या सांगण्यावरून त्या लढाईची 42 चित्रं काढली. आता ती स्मिथसोनियनकडे आहेत, ऑनलाइन बघता येतात. पडलेले घोडे, पडलेली माणसं, दोन्हीकडची, एका ओळीत. हिरो कोणी नाही. ती बघा मग पॅक्सन बघा, मग मला सांगा एकसारखी दिसतात का. कोडीलाच त्याच छपराखाली प्लेन्स इंडियन म्युझियम आहे त्याला वेळ ठेवा, म्हणून मी दोन दिवस म्हणते. एकूण पाच म्युझियम आहेत तिथे, बफेलो बिल, प्लेन्स इंडियन, व्हिटनी, नॅचरल हिस्ट्री आणि बंदुकांचं, आणि तिकीट लागोपाठ दोन दिवस चालतं, ते उगाच नाही. आजच्या कलाकारांमध्ये वेंडी रेड स्टार शोधा, क्रो जमातीची आहे, तिने 1880 मध्ये वॉशिंग्टनला गेलेल्या क्रो प्रमुखांचे जुने फोटो घेऊन त्यांवर लाल शाईने बारीक नोंदी केल्यात, कोणाच्या कपड्यातलं काय कशासाठी, कोण कोणाचा कोण. तोपर्यंत ते फोटो म्हणजे नुसते निनावी इंडियन होते लोकांसाठी.

तिरकस

ठीक, रेड हॉर्स आत्ताच उघडून बघितला. अर्धा दिवसाचा दीड करतो. बंदुकांच्या हॉलबद्दल मात्र मी आत्ताच सांगतो, ज्याला आवड नाही त्याने आत पाऊल टाकू नये, हजारो आहेत, संपतच नाहीत.

पायवाट

कोडीला असाल तर गावाबाहेर पॉवेलच्या रस्त्यावर हार्ट माउंटन आहे ते चुकवू नका, पंधरा मिनिटं लागतात. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना उचलून ज्या छावण्यांमध्ये डांबलं त्यातली ही एक, 1942 ते 1945, एका वेळी दहा हजारांच्या वर माणसं. वेस्ट म्हटलं की सगळे 1890 ला थांबतात, म्हणून मुद्दाम सांगतेय.

आणि तुमच्या दोघांच्या वादात ही जागा अगदी फिट बसते. एस्टेल इशिगो म्हणून चित्रकार होती, स्वतः गोरी, नवरा जपानी वंशाचा. तिला जायची सक्ती नव्हती पण नवऱ्याला नेलं म्हणून ती बरोबर गेली आणि तिथे राहून तिने छावणीची चित्रं काढली, वॉटरकलरसुद्धा. बॅरॅकच्या रांगा, वाऱ्यात धुळीत वाकून चालणारी माणसं, एका खोलीत भरलेलं कुटुंब. तिथल्या इंटरप्रिटिव्ह सेंटरच्या, म्हणजे माहिती केंद्राच्या, आवारात मूळची एक बॅरॅक परत आणून ठेवलीये, शेतकऱ्यांनी युद्धानंतर या बॅरॅकी उचलून नेल्या होत्या. आत उभं राहून पातळ भिंतीला हात लावला की जानेवारीत इथे काय होत असेल ते वेगळं सांगावं लागत नाही. मागे तो हार्ट माउंटन डोंगर कायम दिसत राहतो.

रस्त्याबद्दल: शेरिडनकडून कोडीला दोन मार्ग. एक लिटल बिगहॉर्न करून बिलिंग्सवरून खाली, सरळ आणि सोपा, शेरिडनहून चारएक तास. दुसरा बिगहॉर्न डोंगर ओलांडून 14ए हायवेने, त्यावर वर मेडिसिन व्हील लागतं, दगडांचं मोठं चक्र, आजही तिथे लोक पूजेला येतात आणि कुंपणाला कापडं बांधलेली असतात, त्यांना हात लावायचा नाही. पार्किंगपासून दीड मैल चालायचं, उंची 9,600 फुटांच्या वर आहे तेव्हा सावकाश. पलीकडचा उतार मात्र भयंकर आहे, 10 टक्के, ब्रेक तापतात, खालचा गिअर टाकून उतरायचं. ट्रेलर असेल तर जाऊच नये.

माळरान

बाप रे, एवढं सगळं! मनापासून थँक्यू सगळ्यांना. नवऱ्याला थ्रेड वाचून दाखवला, तो इशिगोपाशी थांबला आणि म्हणाला हार्ट माउंटन नक्की. काल पहिल्यांदा तो स्वतःहून एका ऐतिहासिक जागेला हो म्हणाला, तेव्हा पायवाट, तुम्हाला दंडवत.

रशमोर, डेव्हिल्स टॉवर, जॅक्सन उडवलं. आता भांडण उरलंय ग्रेट फॉल्सचं. कुंचलाताई तुम्ही म्हणाला होतात नंतर सांगते, सांगा ना. आणि यलोस्टोन एका दिवसात करणं म्हणजे पाप आहे का? आम्ही दोघं आधी एकदा केलंय, मुलगी लहान असताना, तेव्हा गीझर वगैरे परत नाही बघितले तरी चालेल.

कुंचला

आधी बघितलंय मग झालंच काम. यलोस्टोनचा फक्त उत्तरेचा भाग घ्या. व्हिटनीमध्ये मोरानचं गोल्डन गेट म्हणून 1893 चं चित्र आहे, तो घाट मॅमथच्या (पार्कच्या उत्तर टोकाची वस्ती) दक्षिणेला थोड्याच अंतरावर आहे, मॅमथहून सहज जाऊन येता येतं. पिवळसर कडे, खाली दरी, रस्ता कड्याला चिकटलेला. चित्र आदल्या दिवशी बघा, दुसऱ्या दिवशी तिथे गाडी थांबवा. मोरानचं इथे मोठं ऋण आहे, 1871 च्या हेडनच्या सरकारी पाहणी मोहिमेबरोबर तो आणि फोटोग्राफर विल्यम हेन्री जॅक्सन गेले होते, त्यांचं काम बघून काँग्रेसच्या लोकांना पटलं आणि 1 मार्च 1872 ला पार्क झाला. त्याच वर्षी त्याचं यलोस्टोनच्या कॅन्यनचं ते अवाढव्य चित्र सरकारने 10,000 डॉलरला घेतलं. पण कॅन्यनला जाऊन तसंच दृश्य शोधत बसू नका, तसं एका जागेवरून दिसतच नाही, त्याने वेगवेगळ्या जागा एकत्र रचल्यात. हे नवऱ्याला आवडेल, सगळे वॉटरकलरवाले हेच करतात आणि कबूल करत नाहीत.

आता ग्रेट फॉल्स. डेन्व्हरला परत यायचं ठरवलंत तर काका बरोबर, जाऊ नका. पण परत कशाला यायचं? कोडीहून कूक सिटीमार्गे किंवा ईस्ट एंट्रन्सने आत, मॅमथला बाहेर, मग बोझमन, हेलेना, ग्रेट फॉल्स, आणि तिथूनच विमान. गाडी वन-वे सोडायचे पैसे जास्त पडतील, पण परतीचे साडेसातशे मैल, पेट्रोल आणि किमान एक रात्र वाचते, त्याचा हिशोब मांडून बघा.

वाटेत हेलेनाला कॅपिटॉल बिल्डिंगमध्ये जा, हाउसच्या, म्हणजे राज्याच्या विधानसभेच्या, सभागृहात रसेलचं 25 फूट रुंद म्युरल आहे, 1912 चं. सरकारने पश्चिमेचा शोध घ्यायला पाठवलेले लुईस आणि क्लार्क मूळच्या फ्लॅटहेड लोकांना भेटतात तो प्रसंग. पण बघा लुईस आणि क्लार्क कुठे आहेत ते, कडेला, लांब, छोटे. अख्खं चित्र इंडियन घोडेस्वारांनी व्यापलंय. सरकारी ऑर्डरमध्ये पाहुण्यांना कोपऱ्यात ढकलायचं धाडस त्या काळी केलंय या माणसाने. हे एवढं मोठं कॅनव्हास स्टुडिओत मावेना म्हणून त्याने छप्पर वर उचलून घेतलं होतं. आणि तो स्टुडिओ तुम्हाला ग्रेट फॉल्सला बघायला मिळतो, 1903 चा, टेलिफोनच्या खांबांचा बांधलेला, शेजारीच 1900 चं घर. रेमिंग्टनचा स्टुडिओ कोडीला हलवून आणलेला, हा मात्र जिथल्या तिथे. घरात गेलात की नॅन्सीची, म्हणजे त्याच्या बायकोची गोष्ट वाचा. तो चित्र मित्रांना फुकट वाटणारा, ती किंमत लावणारी. तिने घासाघीस केली नसती तर आज हे म्युझियमही नसतं, माझं स्पष्ट मत.

आणि तुमच्यासाठी, नवऱ्यासाठी नाही: गावातच मिसुरीवर लुईस-क्लार्कचं इंटरप्रिटिव्ह सेंटर आहे. 1805 मध्ये धबधबे चुकवून होड्या 18 मैल जमिनीवरून ओढत न्यायला त्यांना महिनाभर लागला, ते मोठ्या मॉडेलवर दाखवलंय. तिथे तुम्ही तासभर अडकणार आणि तो बाहेर बसून नदीचं स्केच करणार, दोघंही सुखी.

डेन्व्हरकाका

वन-वेचं मला सुचलं नव्हतं, मी माझ्या घरी परत यायच्या हिशोबाने बोलत होतो. असं असेल तर करा ग्रेट फॉल्स. फक्त गाडी बुक करताना ड्रॉप लोकेशन आधी टाका, नंतर बदलायला गेलं की भलतेच पैसे लावतात. आणि लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) नंतर छोट्या जागांच्या वेळा कमी होतात, फिल कर्नीसारख्या ठिकाणी आधी फोन करा. ऑफलाइन मॅप डाउनलोड करून ठेवा, शेरिडनच्या पुढे बऱ्याच टप्प्यात फोन नुसता शोभेला असतो. टाकी अर्धी झाली की भरायची, पाव होईपर्यंत थांबायचं नाही. संध्याकाळी अंधार पडताना हरणं रस्त्यावर येतात, त्या आधी मुक्कामाला पोचा.

पायवाट

म्युझियममध्ये स्केच करायचं असेल तर बऱ्याच ठिकाणी पेन्सिल चालते, शाई आणि रंग नाही चालत, आणि खुर्ची नेता येईल का ते दारातच विचारून घ्या. रंगाचं सामान लिटल बिगहॉर्नला न्या, पण क्लिप भरपूर घ्या, कागद उडतो.

माळरान

वन-वे बघितलं, ड्रॉप फी टोचतेय पण एक रात्र आणि पेट्रोल धरलं तर फार फरक नाही, तेव्हा ग्रेट फॉल्स ठरलं. बिलिंग्सवरून जायचं की 14ए ने एवढंच राहिलं. मला मेडिसिन व्हील बघायचंय, तो म्हणतो 10 टक्के उतार तू चालवणार असशील तर. आम्ही 20 सप्टेंबरच्या सुमारास असू, तेव्हा तिकडे बर्फ असतो का हो?

पायवाट

एखादं वादळ येऊ शकतं त्या दिवसांत, रस्ता पूर्ण सीझनसाठी बंद व्हायला मात्र अजून वेळ असतो. आदल्या रात्री वायोमिंगची 511 रोड रिपोर्टची साइट बघा आणि सकाळी निघताना परत बघा. पण एक लक्षात घ्या, 14ए घेतलात तर लिटल बिगहॉर्न शेरिडनहून जाऊन येऊन करावं लागेल, म्हणजे शेरिडनला दोन रात्री. त्या दुसऱ्या दिवशी दुपारी बिग हॉर्न गावातलं ब्रिंटन म्युझियम होईल, रँचवरच आहे, रसेल आणि रेमिंग्टन दोघंही आहेत तिथे. उतार तुम्हीच चालवा.